तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

व्हर्लिन टोस्ट्रूडने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि ज्या दिवशी मागितलं त्या दिवसापासून त्याच्यामागे साडेसाती लागली.

मागणं तसं साधं होतं. कॅल टॅलिव्हर हा टेक्ससचा गायक. गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, स्वतः गिटारवर गायची. मोठाली सभागृहं भरण्याचे त्याचे दिवस सरले होते. आता तो एका खडखडणाऱ्या व्हॅनमधून देशभर हिंडायचा आणि लोकांच्या घरी जाऊन गायचा. यजमानाने माणसं जमवायची, पाहुण्याला खाऊपिऊ घालायचं, एवढंच. मार्चमध्ये तो मिनेसोटात येतोय असं कळल्यावर व्हर्लिनने त्याला लिहिलं, ‘आमच्या नॉरबीवरून जाणारच असाल, आणि फार वाकडी वाट होणार नसेल, आणि दुसऱ्या कुणी आधी बोलावलं नसेल, तर आमच्याकडे गाल का? नाही म्हणालात तरी काही वाटून घेणार नाही.’ लगेच उत्तर आलं, ‘हो. रविवारी दुपारी पोचतो.’

ते वाचून व्हर्लिन हादरलाच. पहिल्या झटक्यात हो?

नॉरबीत असं कुणी करत नाही. कॉफी घेणार का विचारलं की नॉरबीचा माणूस म्हणतो, ‘नको, तुम्हाला कशाला त्रास.’ पुन्हा विचारलं की म्हणतो, ‘नाही, आत्ताच झाली.’ तिसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, ‘बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप,’ आणि मग तीन कप पितो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा एक तर फार आजारी असतो, नाहीतर परगावचा. आणि दोनदा विचारून थांबणाऱ्या यजमानाला गाव कंजूष म्हणतं. व्हर्लिनच्या आजोबांचा कुणी चुलतभाऊ तळ्यात बुडत होता आणि काठावरच्या माणसाने दोनदाच ‘दोर टाकू का’ असं विचारलं, अशी एक गोष्ट गावात सांगतात. ती खरी नसावी. पण ती खोटी आहे असंही अजून कुणी म्हटलेलं नाही.

तर अशा गावातल्या, अशा माणसाने गाणाऱ्याला आवतण धाडण्याचं कारण होतं मार्लिस, त्याची बायको. तिचा डावा कान मागेच गेला होता. जानेवारीत मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या हिवाळ्यापर्यंत उजवाही जाईल, आणि त्यावर काही इलाज नाही. अंडी संपलीयत असं सांगावं तशा सुरात मार्लिस गाडीत म्हणाली, “चला, निदान ड्वेनची बडबड तरी सुटेल.”  व्हर्लिनला खूप बोलायचं होतं. तो म्हणाला, “रस्ता निसरडा आहे.” आणि घरी आल्यावर गॅरेजात जाऊन गवत कापायच्या यंत्राची पाती घासत बसला. बाहेर गुडघाभर बर्फ होतं.

पाती घासता घासता त्याला ते गाणं आठवलं. लग्नाआधी एकदा दोघांची गाडी बर्फात रुतली होती. टेपमध्ये टॅलिव्हरची कॅसेट अडकली होती, आणि ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजत राहिलं होतं:

दिवा ठेव दारातला, बर्फ पडतंय फार,
सांगायचं ते राहून गेलं, उघडं ठेव दार.

ट्रॅक्टर आल्यावर व्हर्लिन म्हणाला होता, “गाणं काही वाईट नाही.” मार्लिस म्हणाली होती, “नाही.” यालाच नॉरबीत मागणी घालणं म्हणतात. तेच गाणं, त्याच माणसाच्या तोंडून, समोर बसून मार्लिसने एकदा ऐकावं. कान आहे तोवर ऐकावं. बस, एवढंच. अर्थात हे त्याने तिला सांगितलं नाही. आपल्यासाठी एवढा घाट घातलाय हे कळलं असतं तर ती बिचारी शरमेने तोंड लपवून बसली असती. त्याने सांगितलं, “रविवारी एक गाणारा येतोय.”

“वड्या लिंबाच्या करू की खजुराच्या?” मार्लिस म्हणाली.

इथवर सगळं ठीक होतं. मग ड्वेन आला.

ड्वेन हा शेजारी. मासेमारीचं सामान विकायचं त्याचं दुकान होतं, आणि ते हिवाळ्यात फारसं चालत नसल्यामुळे त्याच्याकडे सल्ले भरपूर साठलेले असत. व्हर्लिनच्या दिवाणखान्यात मधोमध उभा राहून त्याने आढ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली.

“इथे? इथे वीस माणसं बसली की भिंतींना घाम फुटेल रे. तळघर घे, तळघर. मी तर म्हणतो ग्लेनलाही विचारून ठेव. मागून कटकट नको.”

विचारलं नसतं तर ग्लेनला पत्ताही लागला नसता. पण नॉरबीचा माणूस नियम मोडण्याआधीही परवानगी काढतो. ग्लेन हा गावचा कारकून. आगीचा निरीक्षकही तोच. दोन कामांना दोन माणसं नॉरबीला परवडत नाहीत, म्हणून ग्लेनकडे दोन टोप्या होत्या. निळी टोपी घालून तो म्हणाला, “कारकून म्हणून माझी अजिबात हरकत नाही, व्हर्लिन. फक्त निरीक्षकाचं मत घ्यावं लागेल.” एवढं बोलून त्याने टेबलाखालून लाल टोपी काढली, घातली, आणि गंभीर होऊन म्हणाला, “तळघर बघायला उद्या येतो.”

तळघरात आल्यावर ग्लेनने वरच्या चिमुकल्या खिडकीकडे बोट दाखवलं. “समज, आग लागली. जिना पेटला. तू या खिडकीतून बाहेर पडशील?”

“पडेन की,” व्हर्लिन म्हणाला.

“पडून दाखव.”

व्हर्लिन गारपिटीच्या विम्याच्या कचेरीत नोकरीला होता. झोडपलेल्या मक्याच्या शेतात उभं राहून नुकसान किती झालं ते नुसत्या नजरेने सांगण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण स्वतःच्या कमरेच्या घेराचा अंदाज त्याला बांधता आला नाही. तो छातीपर्यंत बाहेर आला, पोटापर्यंत आला, आणि तिथे घोडं अडलं. खाली ग्लेन ढकलतोय, वर ड्वेन हात धरून ओढतोय, आणि घराच्या भिंतीलगत बर्फातून अर्धा व्हर्लिन उगवलेला, अशा शुभमुहूर्तावर आर्डिसबाई रस्त्याने चालल्या होत्या.

आर्डिसबाई म्हणजे चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराच्या मालकीणच. त्यांनी हुकूम दिल्याशिवाय नॉरबीत कुणाचं लग्न लागत नाही की कुणाचं मयताचं जेवण होत नाही.

“कसं काय, व्हर्लिन?” त्या थांबून म्हणाल्या.

“बरं चाललंय,” व्हर्लिन बर्फातून म्हणाला. “तुमचं?”

“तक्रार करण्यासारखं काही नाही. काही मदत हवीय का?”

“नको नको. तुम्ही कामात असाल.”

“तशी काही घाई नाही. ओढू का?”

“ड्वेन आहे ना. उगीच तुम्हाला कशाला.”

“बघ हं. एक हात लावायला माझं काय जातंय?”

“बरं,” व्हर्लिन म्हणाला, “वेळ असेलच तर.”

आर्डिसबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली, एक हिसका दिला आणि व्हर्लिन बाहेर आला. विजार मात्र आतच राहिली. ती ग्लेनने नंतर घडी करून, लाल टोपी घालूनच, आणून दिली. “तळघर नामंजूर,” तो म्हणाला.

राहता राहिलं गॅरेज. गॅरेजात होडी होती. होडी काढून रस्त्यावर ठेवली, तर ग्लेन निळी टोपी घालून आला आणि म्हणाला की मे महिना येईपर्यंत रस्त्यावर होडी ठेवता येत नाही. म्हणून ती दारापुढच्या बर्फात आणून बसवली. त्या दिवसापासून जाणारायेणारा प्रत्येक जण गाडीची काच खाली करून विचारायचा, “काय व्हर्लिन, मासे लागतायत का?” पहिल्या दिवशी व्हर्लिन हसला. दुसऱ्या दिवशी त्याने हात हलवला. तिसऱ्या दिवसापासून तो मागच्या दाराने कामावर जायला लागला.

खुर्च्या चर्चमधून आणायच्या होत्या. खुर्च्यांना आर्डिसबाईंची काहीच हरकत नव्हती, पण चर्चच्या खुर्च्या कॉफीच्या बंबाशिवाय जात नसत, बंब बायकांशिवाय जात नसे, आणि बायका हॉटडिशशिवाय, म्हणजे मांस-बटाटे एकाच भांड्यात भाजून केलेल्या जेवणाशिवाय. शिवाय आर्डिसबाईंनी आदल्या रविवारच्या प्रार्थनेनंतर ही बातमी सगळ्या मंडळींना सांगून टाकली. टॅलिव्हरचं नाव त्यांतल्या एकानेही ऐकलेलं नव्हतं. पण गेलो नाही तर व्हर्लिनला वाटेल आपण रागावलोय, असं प्रत्येकाला वाटलं, आणि सगळं चर्च यायला निघालं. व्हर्लिनला हवं होतं एक गाणं, एका बाईसाठी. आता त्याच्याकडे बटाट्याच्या गोळ्यांच्या हॉटडिशचे डोंगर होते आणि दारात बर्फावर एक होडी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवार उजाडला तो कडाक्याची थंडी घेऊन. ड्वेनने बर्फावरच्या मासेमारीच्या खोपटात वापरायचे दोन मोठे हीटर आणून गॅरेजात लावले. दुपारी व्हॅन आली आणि तिच्यातून पातळ कोट घातलेला, उंच, सुरकुतलेला टॅलिव्हर उतरला. त्याने होडीकडे बराच वेळ पाहिलं, पण विचारलं काही नाही. तेवढ्यावरच व्हर्लिनला तो माणूस फार आवडला.

स्वयंपाकघरात मार्लिसने विचारलं, “कॉफी घेणार?”

“घेणार,” टॅलिव्हर म्हणाला.

मार्लिसने चमकून व्हर्लिनकडे पाहिलं. “आणि... वडी वगैरे?”

“घेणार. दोन द्या.”

“आजारी आहेत का रे?” मार्लिसने व्हर्लिनला हळूच विचारलं. तिला ऐकू कमी येत असल्यामुळे तिचं हळूच सगळ्या घराला ऐकू जायचं.

टॅलिव्हर वडी खात म्हणाला, “खुर्च्या मांडायला येऊ का?”

“छे छे, तुम्ही बसा हो,” व्हर्लिन म्हणाला.

“बरं,” म्हणून टॅलिव्हर खरोखरच बसला. त्याने तिसरी वडी घेतली, आणि यजमानाने चर्चभर खुर्च्या एकट्याने वाहिल्या. शेवटच्या दोन खुर्च्या न्यायला व्हर्लिन धापा टाकत आत आला, तेव्हा त्या टेक्ससच्या भल्या माणसाने त्याला विचारलं, “तुम्ही मला एवढ्या अगत्याने बोलावलंत. मग सांगा ना, काय ऐकायचंय?”

व्हर्लिनच्या घशाशी गाणं आलं. ‘दारातला दिवा’. दोनच शब्द. पण अठ्ठावन्न वर्षांचं वळण त्या दोन शब्दांच्या आडवं उभं राहिलं.

“काहीही चालेल,” तो म्हणाला. “तुम्हाला सोयीचं असेल ते.”

“छान,” टॅलिव्हर म्हणाला आणि कॉफी पिऊ लागला.

असू दे, व्हर्लिनने मनाची समजूत घातली. पहिलंच तर विचारणं होतं.

लोक आले आणि बसले. हीटर पुढे होते, दार मागे होतं. शहाण्या माणसाने पुढे बसावं की नाही? पण नॉरबीत पुढच्या रांगेत बसणं म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं जगाला सांगणं. म्हणून मागची रांग आधी भरली, मग तिच्या पुढची, मग लोक मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, आणि उरलेले गॅरेजच्या अर्ध्या उघड्या दारातून बाहेर, होडीच्या कडेला टेकले. पुढच्या तीन रांगा रिकाम्या, उबदार आणि चकचकीत. मागच्या रांगांत नाकं लाल झाली होती. हीटरच्या मध्ये उभा राहिलेला टॅलिव्हर घामाने निथळत होता.

“पुढे या ना मंडळी,” तो म्हणाला. सगळ्यांनी त्याच्या चांगुलपणाबद्दल माना डोलावल्या. हललं कुणी नाही. एकदाच तर म्हणाला होता.

त्याने पहिली तार छेडली आणि दिवे गेले.

“मी सांगतच होतो,” ड्वेन म्हणाला. त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं.

ग्लेनने लाल टोपी घालून विजेची पेटी तपासली आणि निर्णय दिला. हीटर, बंब आणि माईक ही तिन्ही एकदम चालणार नाहीत. हीटर बंद केले तर माणसं मरतील. तेव्हा बंब किंवा माईक, काय ते एक ठरवा.  मग आर्डिसबाई उभ्या राहिल्या.

“माणूस मोठ्याने गाऊ शकतो,” त्या म्हणाल्या. “कॉफी मोठ्याने गरम होत नाही.”

 माईक बंद झाला. व्हर्लिनने मनाशी नुकसानीचा अंदाज बांधला: मक्याची कणसं गेली, ताटं अजून उभी आहेत. मार्लिसला जवळ बसवलं तर माईकशिवायही ऐकू येईल. रिकाम्या तीन रांगा आहेतच. तो तिला शोधायला धावला.

मार्लिस स्वयंपाकघरात होती. थंडी आत येऊ नये म्हणून मधलं दार घट्ट लावलेलं, आणि ती खदखदणाऱ्या बंबापाशी कप मांडत उभी. घरची यजमानीण नॉरबीत कार्यक्रम बघत नसते. ती कार्यक्रमाच्या वेळी कप मांडते. एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. दोन महिने त्याने जिच्यासाठी हा डोलारा उभा केला, तिच्या चांगल्या कानापाशी बंब फुरफुरत होता.

“मार्लिस, चल ना. बाहेर बस.”

“मी? बंबाकडे कोण बघणार?”

“आर्डिसबाई बघतील. चल.”

“त्या पाहुण्या आहेत आज. तू जा, बस जा.”

दोनदा झालं होतं. व्हर्लिनने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ग्लेनने दारातून डोकं आत घातलं. कुणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिलेत, नंबर तुझ्या मेव्हण्याचा दिसतोय, लवकर चल. व्हर्लिन गेला. तिसरं विचारणं तोंडातच राहिलं. नंतर कितीतरी दिवस त्याला त्या मेव्हण्याशी धड बोलता आलं नाही.

गाणी सुरू झाली. आणि काय सांगावं, माणूस गात होता! घामाघूम, माईकशिवाय, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत गात होता, तरी त्याच्या आवाजात जुनी, खरवडलेली माया होती. आपल्या आईबद्दल गायला तेव्हा ड्वेनसुद्धा गप्प बसला. पण गाणं संपलं की टाळ्या यायच्या त्या हातमोज्यांतून. शंभर हात लोकरीत गुंडाळून वाजवले की आवाज येतो तो उशी झटकल्याचा. टॅलिव्हर दर गाण्यानंतर थांबायचा, ती उशी झटकल्याचा आवाज ऐकायचा, आणि त्याचा चेहरा आणखी थोडा पडायचा. त्याने एक विनोद सांगितला. लोकांना तो फार आवडला. मनातल्या मनात सगळे हसले. मध्येच आर्डिसबाई शेजारणीला म्हणाल्या, “वेगळंच आहे, नाही?” नॉरबीत ‘वेगळंच आहे’ हे भाजीत मीठ जास्त झाल्यावर म्हणतात. दुर्दैवाने तेवढं वाक्य टॅलिव्हरला स्वच्छ ऐकू गेलं.

शेवटच्या गाण्याआधी त्याने टोपी मागे सारली. “एकच राहिलंय. आमचे यजमान कुठेयत? हां, व्हर्लिन. बोला, तुमची फर्माईश.”

पन्नास डोकी व्हर्लिनकडे वळली. आयुष्यात इतक्या लोकांनी त्याच्याकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं. कान तापले. आता सांग, आता सांग आणि पळत जाऊन मार्लिसला आण, असं मन ओरडत होतं. आणि तोंड, नेहमीच्या वळणाने, म्हणालं, “नको नको. तुम्ही आपलं चालू द्या.”

अख्ख्या गॅरेजाने पसंतीची मान डोलावली. बरोबर बोलला. आता तिसऱ्यांदा विचारेल, मग सांगेल. सगळे तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. ड्वेनने तर कोपराने ढोसून म्हटलं, “तयार राहा.”

“बरं,” टॅलिव्हर म्हणाला, आणि एका घोड्याचं गाणं गाऊ लागला.

घोडा फार लांबवर गेला. तो नदी ओलांडत होता, डोंगर चढत होता, आणि व्हर्लिन मागच्या भिंतीला टेकून उभा होता. गारपिटीनंतर कित्येक शेतकरी त्याला म्हणाले होते की मका गेला त्याचं काही नाही, दारातून बघत राहावं लागतं त्याचं वाईट वाटतं. तेव्हा तो नुसती मान हलवायचा. बंद दारापलीकडे कप वाजत होते. माणूस येऊन गेला, गाऊन गेला, दहा पावलांवर ती उभी होती, आणि गाणं काही पोचलं नाही. आता हा माणूस पुन्हा येणार नव्हता. आणि आला असता तरी ऐकायचं कुणी? व्हर्लिनला रडू येत होतं. नाक पुसायला त्याने रुमाल काढला तेव्हा ड्वेन म्हणाला, “थंडी वाईट आहे हं.”

कार्यक्रम संपला. टॅलिव्हरने हॉटडिश दोनदा घेतली, दोन्ही वेळा पहिल्याच विचारण्याला, मग सगळ्यांकडे बघून एकदा हात हलवला आणि सरळ जाऊन व्हॅनमध्ये बसला. निरोप घ्यायची ही कसली तऱ्हा! नॉरबीत माणूस आधी मांडीवर थाप मारून “बरं तर” म्हणतो. मग पाव तासाने उठतो. मग दारात उभं राहून हवामानाचं बोलतो, मग अंगणात, मग गाडीत बसून काच खाली करून. आणि ग्लेनने, निळ्या टोपीतल्या ग्लेनने, सगळ्या गाड्या एकामागोमाग एक अशा शिस्तीत लावून घेतल्या होत्या की पुढची हलल्याशिवाय मागची हलत नव्हती. टॅलिव्हरची व्हॅन सर्वांत आत, होडीला चिकटून. तो चावी फिरवून बसून राहिला. पुढे अख्खं गाव रिकामी भांडी हातात घेऊन हवामानाचं बोलत उभं होतं.

व्हर्लिन व्हॅनपाशी गेला. यजमान म्हणून जाणं भाग होतं. टॅलिव्हरने काच खाली केली.

“माफ करा,” तो थकून म्हणाला. “तुमच्या लोकांना काही आवडलं नाही.”

“आवडलं नाही?” व्हर्लिन थक्क झाला. “अहो, शेवटपर्यंत कुणी कोट चढवून उठलं नाही! दुसऱ्यांदा कॉफी घेतली लोकांनी!”

“टाळ्याही नाहीत.”

“हातमोजे होते हो.”

टॅलिव्हरने समोरच्या गर्दीच्या हातांकडे पाहिलं. मग होडीकडे पाहिलं. मग व्हर्लिनकडे. “एक सांगा,” तो म्हणाला, “मागितलंत काहीच नाही. पुढे बसला नाहीत. मग मला एवढ्या लांब बोलावलंत कशासाठी?”

 टॅलिव्हरने, त्याला पत्ता नसताना, तिसऱ्यांदा विचारलं होतं.

“‘दारातला दिवा’,” व्हर्लिन म्हणाला. आणि एकदा बूच निघाल्यावर बाकीचंही बाहेर आलं. “माझ्या बायकोसाठी. तिचे कान चाललेत. ती आत कप धूत होती.”

 टॅलिव्हर व्हॅनमधून उतरला आणि त्याने मागून गिटार काढली. “तीस वर्षांत गायलो नाही ते. आमच्याकडे बर्फाचं गाणं कुणाला कळत नाही.” त्याने थंड बोटांनी तारा छेडल्या. चाल आली. लगेच आली, जशीच्या तशी. पण तोंड उघडून तो तसाच थांबला. “शब्द गेले,” तो म्हणाला. “एक ओळ आठवत नाही. तुम्हाला येतं?”

“मला गाता येत नाही,” व्हर्लिन म्हणाला. आणि हे खरं होतं. चर्चमध्येसुद्धा तो ऑर्गनच्या आडून नुसते ओठ हलवायचा.

नेमकी तेव्हा मार्लिस वड्यांचा डबा घेऊन बाहेर आली, पाहुण्याला वाटेत खायला. गिटार बघून ती थबकली. गर्दीतलं हवामान आपोआप थांबलं.

टॅलिव्हर वाजवत राहिला. तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा, जणू कॅसेट अडकली होती.

मार्लिसला ऐकू जायचं तर समोर तोंड करून, जवळून आणि मोठ्याने बोलावं लागतं. व्हर्लिन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. सगळं चर्च बघत होतं. आर्डिसबाई बघत होत्या, ज्यांनी त्याला विजारीशिवायही पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला यापेक्षा बरं वाटलं होतं. त्याने डोळे मिटले आणि ओरडल्यासारखा तो गायला:

दिवा ठेव दारातला, बर्फ पडतंय फार,
सांगायचं ते राहून गेलं, उघडं ठेव दार...

आवाज फाटला, सूर घसरला, ‘फार’वर तर दम संपला. पण दोन्ही कडवी झाली. डोळे उघडले तेव्हा मार्लिसच्या हातातला डबा कलंडला होता आणि वड्या बर्फात पडत होत्या.

कुणी टाळी वाजवली नाही. ड्वेनने घसा खाकरला. “वाईट नव्हतं,” तो म्हणाला. नॉरबीत याहून मोठं बक्षीस नाही.

मार्लिसचे गाल ओले झाले होते. तिने ते बाहीने पुसले आणि नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

“ऐकू नाही आलं,” ती म्हणाली.

तिला प्रत्येक शब्द ऐकू आला होता. ते व्हर्लिनला कळलं, टॅलिव्हरला कळलं, होडीला टेकलेल्या पोरासोरांनाही कळलं. व्हर्लिनने पुन्हा म्हटलं. या वेळी डोळे उघडे ठेवून. थंडीने त्याचे ओठ बधिर होत होते आणि टॅलिव्हरची बोटं निळी पडली होती, पण तो वाजवायचा थांबला नाही.

गाणं संपलं. मार्लिसने डोक्यावरच्या लोकरी टोपीची उजवी कड वर सारली, आणि कान उघडा करून अगदी त्याच्या तोंडाशी आणला.

“परत म्हण,” ती हळूच म्हणाली, म्हणजे सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. “पुढचा हिवाळा मोठा असणार आहे.”

आणि व्हर्लिन टोस्ट्रूडने, एकदाही ‘नको’ न म्हणता, तिसऱ्यांदा सुरुवात केली.